भूपालअण्णांचा कान

परवा नातवाच्या गाडीचे चारही इंजेक्टर दुरुस्त होऊन आले. सोबत एक छापील कागद होता. कुठला इंजेक्टर किती डिझेल सोडतो, सगळं आकड्यांत लिहिलेलं आणि प्रत्येक आकड्यापुढं हिरवी बरोबरची खूण. गाडी चालू केली तर आमच्या कसबा बावड्याच्या गल्लीत धुराचा असा लोट उठला की समोरच्या काकूंनी वाळत घातलेले कपडे गोळा करून नेले. नातू फोनवर दुकानदाराशी भांडत होता आणि दुकानदार पलीकडून एकच घोकत होता, "साहेब, रिपोर्ट ओके हाय." शेवटी फोन आपटून नातू मला म्हणाला, "आजी, कागदावर तर सगळं बरोबर हाय की गं. मग ह्यो धूर कुठला?"

मी शेंगा फोडत बसले होते, फोडत राहिले. "बरोबर हाय" असं मीही एकदा म्हटलं होतं, आणि त्यानंतर बारा दिवसांत एक माणूस मेला. त्यात माझा वाटा किती, ते ओघात येईलच. पण ही गोष्ट माझी नव्हे. ती भूपालअण्णांची आहे.

कोल्हापुरात उद्यमनगरात अण्णांचं डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं दुकान होतं. इंजेक्टरला अण्णा आणि अण्णांची सगळी गिऱ्हाइकं नोझलच म्हणायची. आजूबाजूला लेथ, फाउंड्र्या, पत्रे ठोकणारी दुकानं, आणि मध्ये अण्णांची काचेची खोली. त्या खोलीत जायचं तर चपला बाहेर. अण्णा जयसिंगपूरचे, जैन. रोज रेल्वेनं यायचे, रेल्वेनं जायचे. पांढरी टोपी, पांढरा पायजमा आणि डिझेलच्या धंद्यात पांढरा फुल शर्ट! इतक्या वर्षांत त्या शर्टावर मी डाग पाहिला नाही. माझ्या लुगड्यावर मात्र त्यांच्या दुकानात गेलं की पहिल्या पाच मिनिटांत पडायचा. प्यायचं पाणी ते फडक्यानं गाळून घेत आणि तपासणीचं डिझेलही गाळून घेत. दोन फडकी, दोन खुंट्या. एकदा कुणीतरी चेष्टेनं अदलाबदल केली तर दिवसभर पाणी प्याले नाहीत, पण कुणाला शिवी दिली नाही. शिवी ते फक्त खराब नोझलला देत.

त्यांचं एक वाक्य उद्यमनगरात पाठ होतं. "नोझल शिंकलं पायजे, थुंकलं न्हाय पायजे." डिझेलचा धुक्यासारखा फवारा उडाला तर शिंक, थेंब गळला तर थुंकी. इंजिन शिंकेवर चालतं, थुंकीनं मरतं.

माझी त्यांची पहिली भेट भांडणानं झाली. आमच्या ह्यांना हार्टचा झटका आला आणि दोन दुधाचे टेम्पो माझ्या गळ्यात पडले. राधानगरीकडच्या वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करून कोल्हापुरात आणायचं, हा धंदा. मी तेव्हा पंचेचाळिशीतली. अकरावी नापास, पण तोरा चीफ इंजिनिअरचा. एका टेम्पोची नोझलं अण्णांकडून दुरुस्त होऊन आली आणि चौथ्या दिवशी टेम्पो धूर ओकायला लागला. मी फिटरला ती काढायला लावली आणि पिशवीत घालून थेट उद्यमनगर गाठलं. पदर खोचलेला, चपला पायात, तशीच काचेच्या खोलीत.

"ह्ये काय काम झालं व्हय? खराब माल बसवून देतासा आणि वर अण्णा म्हणवून घेतासा!"

अण्णांनी आधी माझ्या चपलांकडे बघितलं. मग पिशवीतून एक नोझल काढून उजेडात धरलं. बराच वेळ बघितलं.

"वहिनी, ह्ये इतकं चकाचक कुनी केलं?"

"मी केलं. काळं पडलंतं. तारेच्या घासणीनं घासलं, भांड्याची पावडर लावून."

मागं दोन कारागीर होते, ते पाठमोरे होऊन खांदे हलवायला लागले. अण्णा हसले नाहीत.

"ह्या भोकांतनं डोक्याचा केस जाईना झालाय, वहिनी. आनि तुमी तार घातलीसा. ही नोझलं हायती. आमटीचं पातेलं न्हवं."

धूर कशानं येत होता तेही निघालं. ड्रायव्हरनं वाटेत पिंपातलं गढूळ डिझेल भरलं होतं. नोझलं साफ करून भागलं असतं, पण माझ्या घासणीनं चारही भंगारात गेली. मी मात्र तिथं "असं व्हय, मग आधी सांगायचं नाही का?" असं म्हणून आवाज चढाच ठेवला. माणूस चुकला की आवाज का वाढवतो, हे मला माझ्यावरूनच कळलेलं आहे.

त्यांची एक रीत होती. दुरुस्त केलेलं नोझल गिऱ्हाइकाला ऐकवल्याशिवाय द्यायचं नाही. तपासणीच्या हातपंपाला नोझल लावायचं, दांडा हळूहळू खाली दाबायचा, आणि आवाज ऐकायचा. "चांगलं नोझल रानातनं तितर उडाल्यागत भुर्रर करतंय," ते सांगायचे. "वाईट नोझल मुकं हुतं, न्हायतर म्हाताऱ्यागत खोकतंय. फवारा डोळ्याला फसवंल, वहिनी. कान फसत न्हाय." मग डोळे मिटून दांडा दाबायचे, आणि गिऱ्हाइकाला विचारायचे, "कसं वाटतंय?"

भंगारात गेलेल्यांच्या जागी नवी नोझलं तयार झाली, तेव्हा त्या पहिल्या वेळी मला चारही आवाज जेवणानंतरच्या ढेकरेसारखे वाटले. बाहेर लेथ किंचाळतोय, पलीकडे पत्रा ठोकतायत, आणि ह्यात तितर कुठला? पण कळलं नाही असं म्हणण्याची माझी प्राज्ञा नव्हती. तोंडाला येईल ते बोलले. "तिसरं जरा बसकं वाटतंय."

अण्णांचे डोळे उघडले. तिसरं खरोखरच बसकं निघालं. "ए, ऐका रं!" ते कारागिरांना म्हणाले, "ह्या बाईला कान हाय!" झालं. पुढं उद्यमनगरात मी "कानवाली वहिनी" म्हणून मिरवले. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तुला कान आहे? मग मी दोनदा पाणी मागितलं ते?"

अण्णांच्या कानाबद्दल मात्र शंका नव्हती. एकदा बाहेरगावचा एक सुट्या भागांचा व्यापारी नवी नोझलं आणि त्यांच्या आत वरखाली सरकणाऱ्या सुया घेऊन आला. डब्यावर नामांकित छाप, सील, सगळं जिथल्या तिथं. अण्णांनी एक जोडलं, दांडा दाबला, डोळे मिटले. फवारा असा सुरेख उडाला की मी टाळ्या वाजवायच्या बाकी होते. अण्णा म्हणाले, "बोगस हाय."

"अण्णा, सील तरी बघा की!" व्यापारी म्हणाला.

"सील बघून इंजिन चालतंय व्हय रं? गार हाय तवर नाचतंय ह्ये. तापलं की सुई आत अडकनार, आनि डिझेलची धार पिस्टनवर. भोक पाडंल."

आणि त्यांनी डब्यातली नोझलं एकेक करून ऐरणीवर ठेवून हातोड्यानं ठेचली. व्यापारी हातापाया पडायला लागला, "परत न्हेतो मी, परत न्हेतो." अण्णा ठेचता ठेचता म्हणाले, "तू परत न्हेशील आनि पलीकडच्या गल्लीत इकशील. ज्या गाडीत ह्ये बसंल, त्या गाडीत कुनीतरी बसलेलं असतंय, बाबा." मुंगी वाट ओलांडून जाईपर्यंत थांबणारा माणूस घाम येईपर्यंत हातोडा चालवत होता.

ह्यानंतर पाच-सहा वर्षांनी कधीतरी मी दुकानात बसले असताना शेजारी पत्र्याचा अख्खा गठ्ठा वरून कोसळला. असा आवाज झाला की माझ्या हातातला चहा मांडीवर सांडला, कारागीर दचकून उठले, रस्त्यावरची कुत्री पळाली. अण्णा पाठमोरे बसून सुई घासत होते. त्यांची मान हलली नाही. मी घरी येऊन सांगितलं, "काय एकाग्रता! योगी माणूस!" केवढी अक्कल होती मला!

आणखीही खुणा होत्या. बोलताना ते माझ्या तोंडाकडे बघायला लागले होते. माझ्या रूपाचा काही परिणाम असेल, असंही त्या पन्नाशीतल्या बाईला एकदा वाटून गेलं. लिहायला आज लाज वाटते, पण वाटलं होतं. आणि ती "कसं वाटतंय?" ची रीत बदलली होती. पूर्वी ते विचारायचे आणि उत्तर यायच्या आत स्वतःच हसायचे. आता विचारायचे आणि वाट बघायचे. फरक एवढाच होता. तो मला दिसला. त्याचा अर्थ लावायचं काम माझ्या कानवाल्या डोक्याला झालं नाही.

तो दिवस श्रावणातला. मोठ्या टेम्पोची नोझलं तयार झाली होती. बरोबर आमचा ड्रायव्हर शिवा. तिशीतला, बोलका, चौदा वर्षांपासून आमच्याकडे. मला भाचीच्या घरी बारशाला जायचं होतं आणि उशीर झाला होता. अण्णांनी पहिलं लावलं, दांडा दाबला. "कसं वाटतंय?" मी मान हलवली. दुसरं. मान हलवली. तिसऱ्याला ते थांबले. पंपाच्या अंगाला बोटं लावून बघितली, पुन्हा दांडा दाबला.

"वहिनी, ह्ये परत यकदा ऐका. नीट ऐका."

"झकास हाय की अण्णा. आता काय आरती ओवाळू त्याला? घाला डब्यात."

शिवा हसला. अण्णांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मान डोलावली, आणि नोझलांच्या टोकांना रबरी टोप्या घालून डबा शिवाच्या हातात दिला.

बाराव्या दिवशी सकाळी राधानगरीच्या पुढं एका चढावर, भर पावसात, दुधानं भरलेल्या टेम्पोचं इंजिन जाम झालं. इंजिन बंद पडलं तसा ब्रेकही दगडासारखा झाला. शिवानं हातब्रेक ओढला आणि चाकामागं धोंडा लावायला खाली उडी मारली. ओल्या रस्त्यावर टेम्पो मागं आला. शिवा टेम्पो आणि दरडीच्या मध्ये सापडला. पावसाच्या पाण्यातून दूध वाहत खाली वस्तीपर्यंत आलं, ते बघून माणसं वर धावली. ती पोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

इंजिन खोललं. तिसऱ्या पिस्टनला आरपार भोक होतं.

ती चार नोझलं घेऊन मी अण्णांकडे गेले. चपला बाहेर काढल्या. त्यांनी तिसरं नोझल कढत तेलात धरून तापवलं आणि पंपाला लावलं. सुई आत अडकली आणि डिझेलची धार लागली, नळासारखी. अण्णा ती धार संपेपर्यंत बघत राहिले.

"नवीन सुई हुती ह्यात," ते म्हणाले. "सीलबंद. बोगस निघाली." मग नोझल पंपावरून काढून ठेवत म्हणाले, "मला दोन वरसं ऐकू येत न्हाय, वहिनी. डाव्यात कायच न्हाय. उजव्या कानापाशी कुनी वरडलं तर तेवडं कळतंय. फवारा बघून, बोटं लावून भागवत हुतो. आनि तुमा लोकांना ईचारत हुतो."

आता बोलायला हवं होतं. "अण्णा, मला तो आवाज कधी कळलाच नाही," एवढं एक वाक्य. ते उजव्या कानापाशी ओरडून सांगावं लागलं असतं, आणि काचेबाहेर कारागीर उभे होते. भांडताना चढणारा माझा आवाज त्या दिवशी चढला नाही.

अण्णा म्हणाले, "शिवाच्या घरी जायाचं. तुमी चला संगं."

शिवाची बायको सुनंदा दारातच बसली होती. घरात माणसं होती. अण्णा टोपी काढून तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सरळ सांगितलं, "बाई, तुज्या नवऱ्याच्या गाडीचं काम माज्या दुकानात झालंतं. माल खोटा हुता. मला ऐकू येत न्हाय, ही गोष्ट मी लपवली. माज्या हातनं झालं ह्ये."

सुनंदा बोलायला लागली. ते बोलणं अण्णांना ऐकू येईना. ते माझ्याकडे वळले.

"काय म्हनत्यात?"

मी म्हटलं, "काय न्हाय अण्णा. रडत्यात."

"वहिनी," ते म्हणाले, "त्यांचं तोंड हालतंय. जे म्हनत्यात ते जसंच्या तसं मला सांगा."

मग मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकले आणि भरल्या घरात, सुतकाच्या घरात, ओरडून सांगायला लागले. "म्हणत्यात, बहिरा हुतास तर घरात का बसला न्हाईस! म्हणत्यात, तुजं वाटोळं हुईल! म्हणत्यात, माजी लेकरं कुनाच्या दारात टाकू!" सुनंदा एक वाक्य बोलायची, मी ते ओरडायची, अण्णा मान खाली घालून "व्हय" म्हणायचे. एका शिवीशी मी अडखळले तर त्यांनी मान वर केली. "ती बी सांगा." ती पण सांगितली. घरातली माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांना वाटलं असेल, केवढी कठोर बाई! मला कठोर म्हणणं म्हणजे मानच. प्रत्येक शिवी माझ्याच तोंडून बाहेर पडत होती आणि एकही माझ्या वाट्याला येत नव्हती.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी दुकानाचं काम बंद केलं, पण दुकान सोडलं नाही. गेल्या दोन वर्षांत ज्यांची ज्यांची नोझलं त्यांच्या हातून गेली, त्या सगळ्यांना शोधून काढायला निघाले. एसटीनं, माणसं भरभरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं, कधी चालत. गाडीमालकाला सांगायचं, "माजं काम खात्रीचं न्हाय, नोझलं काढून द्या, तपासून देतो." आणि तपासायला न्यायची कुणाकडं, तर पलीकडच्या गल्लीतल्या नोझल तपासणाऱ्या लॅबवाल्याकडं, ज्याला ते जन्मभर "कामचलाऊ" म्हणत आले होते. त्याच्या दारात हे टोपी हातात घेऊन उभे राहत. तो दांडा दाबी, आणि हे त्याच्या तोंडाकडं बघत.

लोक हसले. एक वडापवाला तर त्यांच्या अंगावर धावून गेला. "गाडी पळतीया न्हवं माजी? मग कशाला पोट फाडताय तिचं? म्हातारं खुळं झालंय!" अण्णा तीन दिवस त्याच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. जीप भरायला लागली की प्रवाशांना सांगायचे, "पावणं, ह्या गाडीत बसू नगा." चौथ्या दिवशी त्यानं नोझलं काढून दिली. चारांतली दोन खराब निघाली. अण्णांनी ती ठेचली आणि पुढच्या गाडीच्या शोधात गेले. पावसाळा, हिवाळा, सगळा त्यात गेला. यादी संपली तेव्हा कुलूप लावून जयसिंगपूरला निघून गेले, ते पुन्हा उद्यमनगरात आले नाहीत.

मी त्यांना भेटायला गेले ती सहा वर्षांनी. इतका उशीर का, असं विचारू नये. आधी ह्यांचं आजारपण होतं, मग ह्यांचं जाणं, मग नातवाची शाळा. कारणं मी नोझलासारखी टोपी घालून तयार ठेवली होती. शेवटी एक दिवस पुरेनाशी झाली, तेव्हा दुपारची एसटी धरली.

अण्णा परसात खाटेवर बसले होते. शर्ट पांढराच. उजव्या कानात कातडीच्या रंगाचं यंत्र.

"अण्णाऽऽ!" मी सवयीनं ओरडले.

"हळू बोला की वहिनी. ऐकू येतंय आता."

सुनेनं चहा आणून दिला. मी तो निम्मा बशीत, निम्मा पदरावर सांडला. मग म्हणाले, "अण्णा, मला त्यो आवाज कदी कळलाच न्हाय. कुठलाच. पहिल्यापासनं."

"म्हाईत हाय," अण्णा म्हणाले.

"कवापासनं?"

"पयल्यांदा वाटलंतं, कान हाय तुमाला. दुसऱ्या खेपेला कळलं. मी दांडा दाबायच्या आधीच तुमी मान हालवायचा."

मी पदरावरचा चहा पुसला.

"मग मला ईचारत का हुतासा?"

"कुनीतरी व्हय म्हनायला पायजे हुतं." त्यांनी कानातल्या यंत्राला बोट लावलं. "पोरगा तवाच म्हनत हुता, ह्ये घ्या. मी म्हनलं, मिस्त्रीच्या कानात मशीन बघून गिऱ्हाईक काय म्हनंल? घेतलं असतं तर शिवा आज पस्तिशी-चाळिशीत असता."

मी विचारलं, "सुनंदाला सांगू का? माझं?"

"नगा. तिला शिव्या घालायला यक मानूस हाय, पक्का. त्याच्यात वाटण्या करू नगा."

मी ऐकलं. सोयीचं सांगणं ऐकायला माझे कान कायम तिखट. अण्णा गेल्यावर मात्र राहवेना, तेव्हा जाऊन सुनंदाला सांगून आले. ती भाकरी थापत होती. थापता थापता ऐकलं, म्हणाली, "बरं." मग हात धुतले आणि मला दारापर्यंत पोचवून दार लावून घेतलं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी जयसिंगपुरात उन्हं उतरायला लागली होती. सून ताट घेऊन आली. सूर्य मावळायच्या आत अण्णांचं जेवण व्हायचं असे. भाकरी, मुगाची उसळ, ताक. अण्णांनी हात धुतले, कानातलं यंत्र काढलं आणि एका लहानशा डबीत ठेवून झाकण लावलं.

"जेवताना नगं वाटतंय," ते म्हणाले. "आपल्याच दातांचा आवाज लई येतोय त्यात."

ते ताटाकडं वळले. त्यांची पाठ माझ्याकडं झाली. तेव्हा मी विचारलं, "अण्णा, तुमी मला माफ केलंसा का?"

सून आत गेली होती. परसातलं ऊन भिंतीवर चढलं होतं आणि अण्णा त्याच्याशी शर्यत लावल्यासारखे भाकरीचे बारीक बारीक तुकडे मोडून, एकही न सांडता, भराभर खात होते.